डोरोथी हॉजकिन : वाकलेल्या बोटांनी इन्सुलिनचा आकार शोधणारी शास्त्रज्ञ

मधुमेह आता श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. सकाळी पोटात इन्सुलिनची सुई टोचून रिक्षा बाहेर काढणारे, शाळेत शिकवायला जाणारे, गिरणीची नोकरी संपवून घरी बसलेले कितीतरी लोक आपल्या वस्तीत आहेत. बाबासाहेबांनाही आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत या आजाराने ग्रासले होते, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या वेळी इन्सुलिन औषध म्हणून बाजारात होते. परंतु त्याचा रेणू आतून कसा आहे, हे जगातल्या एकाही डॉक्टरला वा शास्त्रज्ञाला माहीत नव्हते. ते कळायला १९६९ साल उजाडावे लागले. ज्या बाईने हे काम तडीस नेले तिचे नाव मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. शाळेच्या पुस्तकात न्यूटन असतो, आइनस्टाइन असतो, फार तर मेरी क्युरी असते. डोरोथी हॉजकिन नसते.

या बाईंचे आयुष्य आपल्या समाजातल्या मुलामुलींनी मुद्दाम समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. विज्ञान हे कोणाच्या बुद्धीची जन्मजात मिरासदारी नसते, ते संधीवर, चिकाटीवर आणि ज्ञान वाटून घेण्याच्या वृत्तीवर उभे असते, हे त्यांच्या आयुष्याइतके क्वचितच कुठे स्पष्ट दिसते.

डोरोथी क्रोफूट यांचा जन्म १२ मे १९१० रोजी इजिप्तमधील कैरो येथे झाला. वडील जॉन क्रोफूट ब्रिटिश राजवटीत इजिप्त आणि पुढे सुदानमध्ये शिक्षण खात्यात अधिकारी होते. जुन्या वास्तूंच्या उत्खननाचेही त्यांना वेड होते. आई मॉली प्राचीन कापड आणि विणकामाची जाणकार म्हणून पुढे नावाजली. चार बहिणींत डोरोथी थोरल्या. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुलींना इंग्लंडमध्ये आजीकडे आणि दाईकडे ठेवून आईवडील परत पूर्वेकडे गेले. त्या युद्धाने आईचे चारही भाऊ गिळले. एका घरातले चार तरुण मुलगे संपले. युद्धाविषयीचा तिटकारा डोरोथींच्या मनात तेव्हापासून रुजला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

वयाच्या दहाव्या वर्षी एका छोट्याशा वर्गात त्यांनी तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक तयार होताना पाहिले. पाण्यात विरघळलेली वस्तू हळूहळू धारदार कडांचे, एकसारख्या आकाराचे खडे होऊन तळाशी बसते, याचे त्यांना विलक्षण आकर्षण वाटले. पुढे बेकल्स गावच्या शाळेत रसायनशास्त्र हा मुलांचा विषय मानला जात असे. मुलींनी घरकामाचे विषय शिकावेत अशी तिथली रीत होती. डोरोथी आणि आणखी एक मुलगी अशा दोघींनाच मुलांबरोबर रसायनशास्त्राच्या वर्गात बसण्याची परवानगी मिळाली. सोळाव्या वर्षी आईने त्यांना विल्यम ब्रॅग यांच्या मुलांसाठी दिलेल्या व्याख्यानांचे पुस्तक भेट दिले. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातले अणू जणू पाहता येतात, हे त्यांना त्या पुस्तकातून कळले आणि आयुष्याची दिशा ठरली.

इथे आम्ही थोडे थांबतो. या मुलीच्या घरात पुस्तके होती, शिकलेली आई होती, खनिजांची पेटी भेट देणारे वडिलांचे शास्त्रज्ञ मित्र होते. एवढे सगळे असूनही वर्गाच्या दारात तिला परवानगी मागावी लागली. ज्यांच्या घरात यातले काहीच नव्हते, अशा किती मुली त्या दारापर्यंतही पोहोचू शकल्या नसतील! थोरांची चरित्रे वाचताना न पोहोचलेल्यांची ही गणती आपण विसरता कामा नये.

१९२८ साली डोरोथी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९३२ साली रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात करून त्या वेळी जेमतेम बारा वर्षे झाली होती. तिथून त्या केंब्रिजला जॉन डेस्मंड बर्नाल यांच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी गेल्या. केंब्रिजने तर स्त्रियांना पूर्ण पदवीचा हक्क द्यायला १९४८ साल उजाडवले. बर्नाल हे अफाट बुद्धीचे आणि डाव्या विचारांचे शास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्री म्हणून कोणाला मागे सारले जात नसे.

हे शास्त्र नेमके काय आहे, ते आता सोप्या भाषेत पाहू. अणू इतका लहान असतो की साध्या प्रकाशात तो कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, कारण प्रकाशाच्या लाटा त्याच्या मानाने हजारो पट मोठ्या असतात. क्ष-किरणांची लाट मात्र अणूंमधल्या अंतराएवढी, म्हणजे एका सेंटिमीटरच्या १० कोटीव्या भागाएवढी असू शकते. एकट्या रेणूवर हे किरण सोडले तर हाती काही लागत नाही. परंतु स्फटिकात कोट्यवधी रेणू कवायतीला उभ्या असलेल्या समता सैनिक दलाच्या रांगांसारखे शिस्तीत उभे असतात. त्यांच्यावरून विखुरलेले किरण एकमेकांना बळ देतात आणि फोटोच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. कोणता ठिपका किती गडद, हे मोजून गणिताने उलटे जायचे आणि रेणूचा नकाशा काढायचा. अडचण अशी की ठिपक्यातून लाटेचा जोर कळतो, पण ती कोणत्या टप्प्यावर होती हे कळत नाही. अर्धी माहिती हरवलेली असते. ती मिळवण्याची युक्ती शोधणे, हीच या शास्त्रातली खरी कसोटी.

आपले शरीर चालते ते मुख्यतः प्रथिनांवर. अन्न पचवणारी, रक्तातून प्राणवायू वाहून नेणारी, रोगाशी लढणारी ती हीच प्रथिने. त्यांचे काम त्यांच्या आकारावर ठरते. कुलपाची रचना कळल्याशिवाय किल्ली बनवता येत नाही, तसेच प्रथिनाचा आकार कळल्याशिवाय नेमके औषध घडवणे कठीण. परंतु १९३४ सालापर्यंत एकाही प्रथिनाच्या स्फटिकाचा धड फोटो कोणाला घेता आला नव्हता. त्या वर्षी स्वीडनमधल्या उप्साला येथून पेप्सिन या पाचक प्रथिनाचे स्फटिक बर्नाल यांच्याकडे आले. हवेत आणताच ते सुकून निकामी होतात, हे बर्नाल यांनी ओळखले. त्यांनी स्फटिक मूळच्या द्रवासकट काचेच्या बारीक नळीत ठेवला आणि किरण सोडले. फिल्मवर स्वच्छ ठिपके उमटले. प्रथिनांनाही निश्चित, नेमकी रचना असते हे त्या दिवशी सिद्ध झाले. आधुनिक जीवशास्त्राची एक मोठी वाट तिथून सुरू होते.

त्या दिवशी डोरोथी प्रयोगशाळेत नव्हत्या. हाताची बोटे दुखू लागली होती म्हणून त्या लंडनला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. निदान झाले सांधे धरणाऱ्या वाताचे. वय होते अवघे चोवीस. परत येताच त्यांनी पेप्सिनचे पुढचे काम हाती घेतले आणि बर्नाल व क्रोफूट या दोघांच्या नावाने शोध प्रसिद्ध झाला. या एका आठवणीत त्यांचे पुढचे आयुष्य सामावले आहे असे म्हणता येईल. एका बाजूला दुखणारे हात आणि दुसऱ्या बाजूला न थांबणारे काम.

१९३४ मध्येच त्या ऑक्सफर्डला परतल्या. तिथे त्यांना प्रयोगशाळा म्हणून विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या इमारतीत अंधाऱ्या तळमजल्यावरची खोली मिळाली. एकच खिडकी, तीही उंच. सूक्ष्मदर्शकासाठी उजेड हवा तर हातात नाजूक स्फटिक सांभाळत शिडी चढून वर जायचे. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या मंडळात स्त्रियांना प्रवेश नव्हता. ज्या विषयात त्या काम करीत त्याच विषयाची चर्चा बंद दाराआड चाले. त्यांनी त्याबद्दल आरडाओरडा केला नाही. यंत्रासाठी पैसे मिळवले, विद्यार्थी जमवले आणि काम सुरू केले.

रॉबर्ट रॉबिन्सन या प्राध्यापकांनी त्यांना चिमूटभर इन्सुलिन दिले. डोरोथींनी त्याचे स्फटिक वाढवले आणि पहिला फोटो घेतला. रात्री फिल्म धुऊन ठिपके दिसले तेव्हा त्या आनंदाने इतक्या भारावल्या की कितीतरी वेळ ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून एकट्याच फिरत राहिल्या. १९३५ साली हे काम त्यांच्या एकटीच्या नावाने प्रसिद्ध झाले. मात्र फोटो मिळाला म्हणजे रचना मिळाली असे नव्हे. इन्सुलिनच्या रेणूत सुमारे ८०० अणू असतात, आणि त्या काळी आकडेमोड हाताने होत असे. हे कोडे सोडवायला पुढची चौतीस वर्षे लागणार होती.

१९३७ मध्ये त्यांनी थॉमस हॉजकिन यांच्याशी विवाह केला. थॉमस कामगारांना शिकवणारे प्रौढशिक्षक आणि पुढे आफ्रिकेच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक झाले. दोघांना तीन मुले झाली. पहिल्या बाळंतपणानंतर वाताने उग्र रूप धरले. बोटे वाकली ती कायमची. क्ष-किरण यंत्राचा खटका दाबणेही जमेना, तेव्हा त्यांनी त्याला लांब दांडा बसवून घेतला. याच वाकड्या बोटांनी त्या केसाएवढे बारीक स्फटिक काचेच्या नळीत बसवत, आणि धडधाकट विद्यार्थ्यांना जे जमत नसे ते त्यांना जमे.

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी पेनिसिलिन हवे होते. बुरशीपासून ते थोडे थोडे मिळे. रचना कळली तर ते प्रयोगशाळेत घडवता येईल अशी आशा होती. रचनेविषयी नामवंत रसायनशास्त्रज्ञांत दोन तट पडले. तीन कार्बन आणि एक नायट्रोजन यांचे चौकोनी कडे त्यात असावे, असे काहींचे मत. असले ताणलेले कडे टिकणारच नाही, असे रॉबिन्सन यांच्यासारख्या दिग्गजांचे मत. डोरोथी आणि त्यांची विद्यार्थिनी बार्बरा लो यांनी छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चालणारी गणनयंत्रे वापरून १९४५ साली निकाल लावला. चौकोनी कडे खरेच होते. मोठ्या नावाचे मत एका बाजूला आणि स्फटिकाचा पुरावा दुसऱ्या बाजूला, आणि पुरावा जिंकला! पोथी आणि प्रमाण यांच्या झगड्यात आपण कुठे उभे राहावे, याचा यापेक्षा स्वच्छ धडा कोणता असू शकेल? आज आपण घेतो त्या अनेक प्रतिजैविकांची घडण याच कड्याभोवती झाली आहे.

त्यानंतर ब जीवनसत्त्वातले बी-१२. एक जीवघेणा रक्तक्षय याने बरा होतो. १८१ अणूंचा हा रेणू त्या काळच्या रसायनशास्त्राच्या आवाक्याबाहेरचा होता. १९४८ साली ग्लॅक्सो कंपनीच्या लेस्टर स्मिथ यांच्याकडून स्फटिक मिळाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील केनेथ ट्रूब्लड यांच्याकडे त्या वेळचा वेगवान संगणक होता. टपालाने आणि तारेने समुद्रापार आकडे जात, उत्तरे येत. १९५६ मध्ये रचना पूर्ण झाली. या कामांसाठी १९६४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्यांना मिळाले. मेरी क्युरी आणि त्यांची कन्या इरेन यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री. विज्ञानातले नोबेल मिळवणारी ब्रिटिश स्त्री आजवर दुसरी झालेली नाही. बातमी आली तेव्हा त्या पतीसोबत आफ्रिकेत घाना देशात होत्या. लंडनच्या एका बड्या वृत्तपत्राने मात्र मथळा दिला तो ऑक्सफर्डच्या एका गृहिणीला नोबेल मिळाल्याचा. तीस वर्षांचे संशोधन आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्व एवढे गाठीशी असून ओळख काय, तर गृहिणी! नोबेल मिळवणाऱ्या पुरुषाची ओळख कोणा वृत्तपत्राने घरधनी म्हणून करून दिल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

नोबेल मिळाल्यावरही इन्सुलिन बाकीच होते. दरम्यान केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ साली हरवलेली माहिती मिळवण्याची युक्ती प्रथिनांवर यशस्वी करून दाखवली होती. स्फटिकात पाऱ्यासारखा जड अणू बसवायचा, पुन्हा फोटो घ्यायचा आणि ठिपक्यांतल्या फरकावरून उत्तर काढायचे. याच मार्गाने जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची आणि पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना शोधली. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या दोन साखळ्यांतील ५१ अमिनो आम्लांचा क्रम आधीच लावून दिला होता. डोरोथींच्या चमूने याच बळावर १९६९ साली इन्सुलिनचा नकाशा पूर्ण केला. सहा रेणू दोन जस्ताच्या अणूंभोवती गोलाकार गुंफलेले असतात, हे त्यात स्पष्ट दिसले.

त्या शोधनिबंधावर दहा नावे आहेत. पस्तीस वर्षे ज्यांनी हे स्वप्न उराशी बाळगले त्या डोरोथींचे नाव आठवे आहे. त्यांच्या आधीच्या नावांत एक भारतीय नाव आहे, एम. विजयन. केरळात जन्मलेला हा तरुण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून ऑक्सफर्डला गेला होता. शोधाची पहिली जाहीर मांडणी अमेरिकेतल्या परिषदेत झाली, तीही डोरोथींनी स्वतः न करता तरुण टॉम ब्लंडेल यांच्याकडे सोपवली. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या कामावर मार्गदर्शकाचे नाव आधी लागते, हे विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. विजयन १९७१ मध्ये मायदेशी परतले आणि प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची भारतातली परंपरा त्यांनी उभी केली. भुईमुगातल्या एका प्रथिनापासून क्षयरोगाच्या जंतूतील प्रथिनांपर्यंत त्यांनी काम केले आणि विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. २०२२ साली ते गेले. एका दाराआड न थांबता आत गेलेल्या बाईने इतरांसाठी ते दार उघडे ठेवले, त्याचे हे फळ.

डोरोथी प्रयोगशाळेबाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून बसल्या नाहीत. शांततावादी शास्त्रज्ञांच्या संघटनेशी संबंध असल्यामुळे १९५३ साली अमेरिकेने त्यांना व्हिसा नाकारला आणि ही आडकाठी अनेक वर्षे टिकली. त्यांनी विचार बदलले नाहीत. व्हिएतनाम युद्धाला विरोध केला. १९७६ पासून १९८८ पर्यंत अण्वस्त्रविरोधी पग्वाश चळवळीच्या त्या अध्यक्ष होत्या. चीनशी पाश्चात्त्य जग बोलत नव्हते तेव्हा त्या तिथे गेल्या. बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे इन्सुलिनची रचना शोधली, तेव्हा त्यांच्या कामाची थोरवी डोरोथींनीच जगापुढे मांडली. ज्यांच्याशी स्पर्धा होती त्यांचे कौतुक करायला मन मोठे लागते. मार्गारेट थॅचर या तर त्यांच्या विद्यार्थिनी. दोघींचे राजकारण परस्परविरुद्ध, तरीही पंतप्रधान झालेल्या या विद्यार्थिनीने आपल्या शिक्षिकेचे चित्र निवासस्थानी लावले होते. आणि या शिक्षिकेने निःशस्त्रीकरणाची बाजू आपल्या विद्यार्थिनीपुढे मांडण्यात कधी कसूर केली नाही. १९९३ साली त्या चाकांच्या खुर्चीतून बीजिंगच्या जागतिक परिषदेला गेल्या. २९ जुलै १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले रोप आता वटवृक्ष झाले आहे. १९७१ साली प्रथिनांच्या रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात फक्त ७ रचना होत्या. आज २ लाखांहून अधिक आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य क्ष-किरण स्फटिकशास्त्राने मिळालेल्या आहेत. ही बँक कोणालाही फुकट पाहता येते. एड्सवरची काही औषधे विषाणूच्या प्रथिनाचा आकार पाहूनच घडली. २०२० च्या फेब्रुवारीत, कोरोनाची साथ जगभर पसरण्याआधीच, त्या विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाची रचना तिथे खुली झाली होती. डोरोथींनंतर रसायनशास्त्राचे नोबेल स्त्रीला मिळायला पंचेचाळीस वर्षे लागली. २००९ साली ते आदा योनाथ यांना मिळाले, तेही स्फटिकशास्त्रासाठीच, आणि त्यांच्यासोबत तमिळनाडूत जन्मलेले व्यंकटरामन रामकृष्णन होते. आता संगणक प्रथिनाचा आकार भाकीत करून सांगतो आणि त्या कामाला २०२४ चे नोबेल मिळाले. मग स्फटिकाची गरज संपली का? मुळीच नाही. संगणक शिकला तो याच खुल्या बँकेतल्या रचनांवरून. त्याचे भाकीत खरे की खोटे हे ठरवायला आजही प्रयोगच लागतो. पूर्वसुरींनी आपापल्या फिल्मा कुलपात ठेवल्या असत्या तर हे यंत्र निरक्षरच राहिले असते.

शेवटी प्रश्न उरतो तो माणसाचा. इन्सुलिनचे रेणू एकमेकांना कुठे चिकटतात हे रचनेतून कळले, म्हणूनच दोन अमिनो आम्लांची अदलाबदल करून लवकर काम करणारे इन्सुलिन घडवता आले आणि १९९६ साली ते बाजारात आले. परंतु नवे इन्सुलिन महाग आहे. १९२३ साली इन्सुलिनच्या मूळ संशोधकांनी आपले पेटंट टोरोंटो विद्यापीठाला केवळ एकेका डॉलरला दिले होते, कारण हे औषध कोणाच्या नफ्याचे साधन होऊ नये असे त्यांना वाटत होते. रेणूचा आकार सगळ्यांसाठी खुला, पण त्यातून घडलेले औषध मात्र खिशाला न परवडणारे, ही विसंगती विज्ञानाने निर्माण केलेली नाही; ती व्यवस्थेने निर्माण केली आहे आणि तिच्याविरुद्ध आवाज उठवणे हे आपले काम आहे.

दुसरे काम घरातले आहे. दहाव्या वर्षी तुरटीचा खडा तयार होताना पाहून एका मुलीचे आयुष्य बदलले. तुरटी आणि मोरचूद आपल्या गावच्या दुकानातही मिळते. आपल्या वस्तीतल्या शाळेत प्रयोगशाळेची खोली उघडी आहे की तिला कुलूप आहे, हे पालकांनी उद्या जाऊन पाहावे. कुलूप असेल तर त्याची किल्ली मागावी. वाचनालय उभारताना चार भिंग आणि एक सूक्ष्मदर्शक यांसाठीही वर्गणी काढावी. मुलगी विज्ञान घेते म्हणाली तर तिला परवानगी मागायला लावू नये, तिच्या हातात पुस्तक ठेवावे. डोरोथींच्या आईने एवढेच केले होते.